तिच्या दारात थांबलेला टेम्पो

देव आहे का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण यंदाच्या सप्ताहात मी मारुतीपुढे हात जोडायचे आणि मनात विचारायचे, देवा, तू नुसतं ऐकतोस की काही बघतोससुद्धा?

कारण शेफाली. नोकरीच्या आमिषानं बंगालमधून आणून कुंटणखान्यात विकलेली पोर. तिथून सुटल्यावर पुण्यात एका संस्थेत राहिली, सावरली. मी त्या संस्थेचं थोडंफार काम करते, म्हणून शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात तिला खोली बघून दिली. रांजणगावच्या एका कंपनीत ती पॅकिंगला जाऊ लागली. सगळं बरं चाललं होतं. मग कुणीतरी तिची मागची हकिकत गावभर केली आणि घरमालकीण मला म्हणाली, "सप्ताह होऊ द्या बाई, मग तिला दुसरीकडं बघा." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पोरीनं काय गुन्हा केला होता? पुन्हा नवी खोली, पुन्हा अनोळखी माणसं, पुन्हा तीच कुजबुज. या वेळी ती मोडून पडेल, अशी मला खरोखर भीती वाटत होती.

आमच्याकडे सप्ताहाच्या पंगतीला घरोघरच्या भाकरी जातात. सकाळी टेम्पो गल्लीतून फिरतो, हॉर्न वाजला की बायका फडक्यात बांधलेल्या भाकरी आणून देतात. शेफालीचं दार आलं की टेम्पो न थांबता पुढे जायचा. तरी ती रोज उठून, माझ्याकडून शिकलेल्या भाकरी थापायची आणि उंबऱ्यात उभी राहायची. टेम्पो गेला की फडकं घेऊन आत. मला मोठं नवल वाटायचं. हिला राग कसा येत नाही? शेवटी विचारलंच. म्हणाली, "माइकवर बोलले ना मावशी, हरेक घरातून भाकरी द्या. मेरा भी तो घर है ना."

एके दिवशी ठरवलं, आता सप्ताहाच्या कमिटीशी भांडायचंच. पदर खोचून निघाले. कोपऱ्यावर येऊन बघते तर काय, टेम्पो तिच्याच दारात उभा! ड्रायव्हर अनोळखी. "आणा ताई बिगीबिगी, लई घरं राहिल्यात," म्हणत त्यानं तिच्या भाकरी मोठ्या टोपल्यात टाकल्या, फडकं परत दिलं आणि गेला. नंतर कळलं, नेहमीच्या ड्रायव्हरची बायको दौंडला बाळंत झाली होती, म्हणून त्यानं मेहुण्याला पाठवलं होतं. कुठलं दार टाळायचं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी शेफालीला हाताला धरून देवळात नेलं. आमच्या आधीच घरमालकीण तिथे पोचली होती. "तिच्या भाकरी पंगतीत नगं," तिचा तावातावानं हेका चालला होता. वाढप बघणाऱ्या अनुसयाआजींनी भाकरीच्या ढिगाकडे हात केला.

"बरं. मग काढ की निवडून. कंची तिची?"

मालकिणीनं दोन-चार भाकरी उलटून पाहिल्या.

"न्हाई ना वळखू येत? मग सर बाजूला, माणसं भुकेली हायती." आणि आजी शेफालीकडे वळल्या. "आगं पोरी, बघतीस काय? घे टोपलं आन् लाग वाढायला."

तिनं टोपलं कमरेवर घेतलं आणि पहिली भाकरी वाढली. मी खांबाआड जाऊन पोटभर रडले. फिरत फिरत ती मालकिणीच्या ताटापर्यंत आली. मालकीण जरा थांबली, मग तिनं भाकरी मोडली आणि आमटीत कुस्करली.

कुणी म्हणेल योगायोग. म्हणू देत. त्या मेहुण्याला नेमकं त्याच दिवशी कुणी धाडलं, याचं कुतूहल मला अजून आहे. एवढं मात्र समजलं की भांडून मला कमिटीची खरडपट्टी काढता आली असती, तिच्या दारात हॉर्न वाजवता आला नसता. हातपाय मी आजही हलवते, पण वाट कुठून निघावी हे ठरवायचा हट्ट सोडलाय. मारुतीराया, तुझे उपकार कसे फेडू?

संध्याकाळी मालकीण माझ्या घरी आली. इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला हितंच." मी तशीच शेफालीकडे धावले. ते ऐकून तिनं हात धुतले. मग पिठाचा डबा पुढे ओढून तिनं विचारलं, "मावशी, उद्या जरा जास्त करू?"