पातेलं पुढं कुणाला दिलं

भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझा सी भाषेतला प्रोग्रॅम सरांसमोर आपटला. लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकाला एक जोडलेल्या डब्यांची साखळी, मोडून तिनं घेतलेली सगळी मेमरी परत करायची, एवढंच त्याचं काम. माझ्या मशीनवर तो रोज बिनबोभाट चालायचा, सरांच्या मशीनवर मधेच बंद पडला. सोमवारपर्यंत चूक शोधून वर्गापुढं समजावून सांगितली तरच जर्नलवर सही करीन, असं सर म्हणाले. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, माझा उतरवून घे. माझा राग कायम नाकावर. तिलाच दोन शब्द सुनावले.

रविवारी पालीला घरी गेले तर आई माझ्याहून तापलेली. गावच्या लग्नकार्याची मोठी भांडी तिच्या ताब्यात असतात. लग्नसराईत ती आमच्याकडं परत येतच नाहीत, एका मांडवातून थेट पुढच्या मांडवात जातात, आणि पुढं कुठं गेली हे फक्त आधीच्या घराला ठाऊक असतं. त्यातलं एक घर कुलूप लावून पुण्याला गेलं होतं. त्यांचा फोन लागत नव्हता आणि भाताचं पातेलं बेपत्ता होतं. आई दारोदार फिरून आली होती.

"घर मोकळं व्हायच्या आदी इचारायचं असतं, पातेलं पुढं कुणाला दिलं. मागनं कुलपाला इचारून काय उपेग?"

मी तशीच उठले आणि वही उघडली. लिस्टच्या प्रत्येक डब्यात पुढच्या डब्याचा पत्ता असतो. मी आधी डबा परत करत होते आणि मग त्यालाच तो पत्ता विचारत होते. माझ्या मशीनवर जुना पत्ता नशिबानं तिथंच पडून राहायचा, म्हणून निभावत होतं. आठवडाभर पुस्तकं पालथी घातली ती उगाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक ओळ वाढवली. आधी पत्ता बाजूला लिहून ठेवायचा, मगच डबा सोडायचा.

सोमवारी फळ्यावर मांडव काढले, कुलूपही काढलं. पोरं आधी हसली, मग वह्यांत उतरवून घ्यायला लागली. सरांच्या मशीनवर प्रोग्रॅम दहादा चालवला, एकदाही अडला नाही. सही करता करता त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? आईचं आहे, म्हटलं. मग त्यांनी आईचं शिक्षण विचारलं. एरवी फॉर्मवर तो रकाना मी कोरा सोडायचे, कुणी विचारलंच तर पुटपुटायचे.

"चौथी," मी म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.