कोल्हापूरची जत्रा आणि माझा आहारतक्ता

आज सोमवार. सकाळी पावणेआठला लॅबमध्ये रक्त देऊन आलो. रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही फोनवर पुन्हा बजावलं, की उपाशीपोटीची साखर एकशेचाळीसच्या आत असेल तर उद्या सकाळी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल, नसेल तर नाही. आधीच्या दोन तारखा साखरेमुळेच गेल्या. डावा डोळाही फारसा कामाचा उरलेला नाही. पेपरातले मथळे मी वाचतो, बातमी सुनंदा, म्हणजे माझी बायको, वाचून दाखवते. हा मजकूरही पडद्यावरची अक्षरं बोटभर मोठी करून टाइप करतोय.

अशा आठवड्यात माणसानं घरी बसावं. मी चार दिवस कोल्हापूरला जाऊन आलो, तेही जत्रेला. पथ्य सांभाळून प्रवास होतो का, असं या ब्लॉगवर बऱ्याच जणांनी विचारलंय. माझ्या मते होतो. कसा, ते रिपोर्ट यायच्या आतच लिहून टाकतो. निकाल हातात आल्यावर आठवणी सोयीच्या होतात.

जायचं कारण माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचं सासर गारगोटीजवळच्या एका खेड्यात. तिथली जत्रा मी सलग तीन वर्षं चुकवली होती. "यंदा न्हाय आलास तर पुन्यातच ऱ्हा, माझ्या दारात येऊ नकोस," असं तिनं फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. सुनंदानं एकच अट घातली. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता बरोबर येणार आणि त्याप्रमाणेच खायचं. दर तीन तासांनी थोडं थोडं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक. साखर, बटाटा, साबुदाणा, तळलेलं बंद. शेंगदाणे दिवसाला दहा.

अडचण वेगळीच होती. मला साखर आहे हे आक्काला माहीत नव्हतं. आमच्या वडिलांना, आबांनाही साखर होती आणि त्यात त्यांचा एक पाय गेला. शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं आक्कानं केलं. तिला आता हे सांगायचं, तेही जत्रेच्या तोंडावर, माझ्यानं होईना. म्हणून मी फोनवर ठोकून दिलं, की हल्ली शुक्रवारी देवीचा आणि शनिवारी मारुतीचा उपवास धरतो. म्हणजे दोन्ही दिवस ताटाला हात लावायचा प्रश्नच नाही, असा माझा हिशोब.

गुरुवारी सकाळी स्वारगेटहून निमआराम गाडी पकडली. तिकीट माणशी दोनशेच्या आसपास, वेळ साडेपाच तास. चौपदरी रस्ता झाल्यापासून हा प्रवास सोपा झालाय. डब्यात भाकरी, मेथीची कोरडी भाजी, काकडी आणि फुटाणे. पथ्यवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: गाडीची थांबायची वेळ ही आपली जेवायची वेळ नसते. साताऱ्यापुढच्या हॉटेलावर गाडी अकरालाच थांबली आणि सगळे वडापावावर तुटून पडले. आम्ही फुटाणे खाल्ले आणि एकच्या ठोक्याला, कऱ्हाड सोडल्यावर, सीटवरच डबा उघडला. मेथीचा वास गाडीभर गेला. कंडक्टर मागे वळला.

"काका, घरचा डबा? हाटेलवाल्यांच्या पोटावर पाय देताय व्हय?"

"पथ्य आहे हो."

"असलं पथ्य आमच्या घरातबी लावा की कुणीतरी," असं म्हणून त्यानं सुनंदाकडून चतकोर भाकरी आणि भाजी घेतली आणि उभ्यानंच खाल्ली.

कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर साडेतीनशेत स्वच्छ खोली मिळाली. संध्याकाळी चालत गंगावेशीत गेलो. तिथं म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. तक्त्यात दूध होतं, पण साय काढलेलं. मी भाबडेपणानं तसं विचारलं.

धार काढणारा हसायचाच थांबेना. "पावणं, आत्ता म्हशीतनं येतंय ह्ये. साय बसायला येळ तर द्या की तिला!"

अर्धा ग्लास घेतला आणि रंकाळ्याला अर्धी फेरी मारून तो फेडला. रात्री साध्या खानावळीत जेवलो. कोल्हापुरात बाहेर जेवायची धास्ती घेऊ नका. भात नको, चपाती नको, ज्वारीची भाकरी आणि कांदा-काकडी जास्त द्या, एवढं सांगितलं की मालक काही विचारत नाही. झणझणीतपणानं साखर वाढत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं.

शुक्रवारी पहाटे अंबाबाईचं दर्शन घेतलं. प्रसादाचे दोन्ही पेढे सुनंदानं खाल्ले, आणि माझ्यासमोर खाल्ले. मग मिसळ. मी ऑर्डर दिली, "फरसाण नको, पाव नको, वरची तर्री काढून."

गल्ल्यावरच्या मालकानं मान वर केली. "मग ऱ्हायलं काय त्यात?"

"मटकी."

"अहो, मग मटकी म्हना. मिसळीचं नाव कशाला बदनाम करताय?" पण वाटी आली ती काठोकाठ, मोड आलेल्या मटकीची, वर लिंबू पिळून. पैसे अर्धेच घेतले.

इथपर्यंत मी परीक्षेत पहिल्या नंबरावर होतो.

गारगोटीपर्यंत एसटीनं दीड तास, पुढं वडापच्या जीपनं, म्हणजे दहाच्या जागेत सोळा माणसं. दारात आक्का उभीच होती. आधी तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उपास? तू? चतुर्थीला माझ्या ताटातली खिचडी पळवून वर जेवायला बसायचास, त्यो तू?"

"आता वय झालं आक्का."

"आन् उद्या शनवार बी? जत्रंच्या दिशी? साधू झालास काय रं?" बोलणं टोमण्याचं, पण चेहरा फुलला होता. भाऊ उशिरा का होईना, मार्गाला लागला होता.

मग ताट आलं. उपवास करणाऱ्याला आमच्याकडे कुणी उपाशी ठेवत नाही, हे मी पुण्यात राहून साफ विसरलो होतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि आटवलेलं मसाला दूध. पावण्यांचा उपास हाय म्हणं, असं म्हणत शेजारच्या काकूंनी आणखी एक वाडगा खिचडी आणून ठेवली. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, समोर बसून कौतुकानं बघत होते.

सुनंदा कानाशी आली. "तक्त्यातलं यात काय आहे?"

"शेंगदाणे."

"दहा," ती म्हणाली.

आक्का पहाटे चारला उठून हे करत होती. मी खाल्लं. सगळं नाही, पण नको तेवढं नक्कीच.

दोन तासांनी रक्त तपासायचं छोटं यंत्र खिशात घालून मागच्या गोठ्यात गेलो. बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. आकडा उमटला, पण मला दिसेना. यंत्र नाकापर्यंत आणलं, उन्हात धरलं, तिरकं केलं. नुसत्या करड्या रेघा.

"दोन, सहा, चार," मागून आवाज आला.

आक्का वैरणीची पेंढी कडेवर घेऊन उभी होती. पेंढी तिनं हळूच खाली ठेवली. आबांच्या वेळी असलं यंत्र नव्हतं, पण दोनशे चौसष्ट म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कवापास्नं?"

"वर्ष झालं."

"आन् ह्यो उपास?"

उपवासाची थाप कबूल केली. मंगळवारचं ऑपरेशन, गेलेल्या दोन तारखा, सगळं तिला सांगितलं. ती गव्हाणीला टेकून ऐकत राहिली.

"आबांच्या जखमा कुणी धुतल्या रं? मीच की. मग मलाच सांगाय लाजलास व्हय?" आवाज चढला होता, गाईनंही मान वळवली. "वरीस वाया घालवलंस माझं. घरात हुलगं हाय, नाचणी हाय, परड्यात शेपू हाय, आन् तुला मी साबू चारला! माझ्याच हातनं!"

मग ती रडली, पण फार वेळ नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, ऊठ. बसायचं न्हाय आता. पांदीनं चालत जाऊया." शेतांमधल्या त्या वाटेनं आम्ही दोघं तासभर चाललो. तक्ता तिनं सुनंदाकडून मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. दुपारी चारच्या खाण्याला तिनं नाक मुरडलं, एरवी "बाई शानी हाय" असा शेरा दिला. रात्री हुलग्याचं पिठलं, शेपूची भाजी आणि एक भाकरी. झोपताना तपासलं, आकडा एकशे ऐंशीवर आला होता. वाचला आक्कानंच.

शनिवारी जत्रा. या भागात जत्रेला एका घरी जेवून भागत नाही. ओळखीच्या प्रत्येक घरात पाय ठेवावा लागतो आणि प्रत्येक घरात मटण शिजलेलं असतं. नाही म्हटलं तर घरातली माणसं मनाला लावून घेतात. माझी खरी धास्ती हीच होती. पण आक्का पुढं होती. उंबऱ्यातूनच तिची हाळी जायची.

"ह्येला साखर हाय! भात वाढायचा न्हाय. वाटीभर तांबडा आन् दोन फोडी. जास्ती वाढलं तर माझ्याशी गाठ हाय!"

मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पहिल्याच घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या ताटातला भात गुपचूप बाजूला सारला आणि म्हणाले, "या, बसा. मलाबी हाय, पर घरात कोन आयकतंय?"

"आता आयकतील की," आक्का म्हणाली आणि त्यांच्या सुनेकडे बघत राहिली. सुनेनं भाताचं भांडं आत नेलं.

चार घरं झाली. मिळून एक भाकरी, चार वाट्या तांबडा रस्सा आणि मोजक्या फोडी. नारळाचा पांढरा रस्सा एकदाच, दोन घोट. कुणी रागावलं नाही. मला आवडलेली जत्रा हीच, आणि तिथं जाणाऱ्या पथ्यवाल्यांना माझा सल्ला एवढाच आहे, की उपवासाचं, पोटदुखीचं, डॉक्टरच्या गोळीचं निमित्त सांगू नका. खरं काय ते पहिल्या उंबऱ्यावरच सांगा. पुढचं ती माणसं बघतात.

काल, रविवारी, दुपारच्या गाडीनं परतलो. डब्यात आक्कानं नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी दिली होती.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा पाच वाजले होते. तेवढ्यात दाजींचा फोन आला. "तुमची आक्का दुपारी बाराच्या गाडीनं निघाली पुन्याला. म्हटलं, रिपोर्ट तरी येऊ दे. तर म्हनती, रिपोर्ट कसाबी येऊ दे, मी तितं पायजे."

सव्वासहाला सुनंदा रिपोर्ट घेऊन आली आणि दारातूनच वाचला. एकशे बत्तीस. डॉक्टरांना कळवलं. "उद्या सातला या," ते म्हणाले.

म्हणजे आता असं आहे: आक्काची गाडी तासाभरात स्वारगेटला लागेल. उद्या ऑपरेशन, परवा सकाळी पट्टी निघेल. डॉक्टर म्हणतात, आधी पांढरा रंग लख्ख दिसतो, लोक दचकतात. आक्काचे केस मला अजून काळपटच दिसतात. सुनंदा म्हणते, ते केव्हाच सगळे पांढरे झालेत. परवा ती समोर बसलेली असेल, तेव्हा बघतो.