लाल रिबिनी आणि सव्वा तास

तो रविवार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका गोंधळलो कधीच नव्हतो. तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. नाव कुणाचंच लिहीत नाही. गाढवपण माझं होतं, ते मात्र लपवणार नाही.

एप्रिल संपत आला होता. एका हौशी मंडळाने कुटुंबांसाठी सहल काढली होती. रानातली नदीकाठची दोन किलोमीटरची पायवाट, वर झाडांची गच्च सावली, पोराबाळांनी आणि म्हाताऱ्यांनीही गप्पा मारत चालावं अशी. कुणी चुकू नये म्हणून मंडळाच्या लोकांनी आदल्या दिवशी झाडांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. सगळे शेवटच्या कोंडीवर, नदीतल्या डोहावर, पोचले, पोरं पाण्यात उतरली, आणि मग लक्षात आलं की दोघीजणी आल्याच नाहीत. एक आजी आणि तिची सहा वर्षांची नात. सावकाश चालत होत्या म्हणून मागे राहिल्या होत्या. आजीला मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि खाण्याचा डबा मुलाच्या पिशवीत. मुलगा पुढे निघून गेलेला.

पावणेअकराला तो ठाण्यावर आला. शर्ट घामाने भिजलेला, पायात एकच चप्पल. "साहेब, आई उपाशी राहिली तर चक्कर येऊन पडते हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी स्टेशन डायरीत नोंद केली, अग्निशमन दलाला कळवलं आणि माणसं नदीवर पाठवली. नदी म्हटली की आमच्या डोक्यात आधी पाणीच येतं. दोन तास खालच्या अंगाला गळ टाकले, कोंडी ढवळल्या. हाती काही लागलं नाही.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. अर्ध्या वाटेनंतर एकही रिबीन दिसत नव्हती. मंडळाचा माणूस देवाची शपथ घेऊन सांगत होता, "बांधल्या होत्या, साहेब! आम्ही सकाळी त्या बघतच पुढे गेलो!" मग त्या गेल्या कुठे?

तेवढ्यात फोन आला. गावच्या तिठ्यावर चहा विकणाऱ्या बाईचा. एक म्हातारा हातात कोयता आणि खांद्यावर लाल रिबिनींचा गुंडाळा टाकून घराकडे जाताना तिने पाहिला होता. पंधरा मिनिटांत हवालदार त्याला जीपमधून घेऊन आला. वाळलेला, काळा, साठी उलटलेला माणूस. बाप सिंधुदुर्गातून मजुरीला आलेला, आता नदीकाठी याचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग. खुर्ची दिली तरी बसला नाही.

तेव्हा सव्वा वाजला होता. घड्याळ मी पाहिलं होतं, कारण नोंद करायची असते.

"रिबिनी तू काढल्यास?"

"मीच काढलंय. सगळे काढलंय. परत बांधलात तर परत काढतलंय."

लपवाछपवी नाही, भीती नाही. असा आरोपी मी जन्मात पाहिला नव्हता. वाट चुकवायची, मग मागे राहिलेल्यांना गाठायचं, असा काहीतरी बेत माझ्या डोक्यात तयार होऊ लागला.

"का काढल्यास?"

"तुमका ठाऊक आसा."

"तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?"

"माझ्याबरोबर कोण येतलो? सगळे भियेतत तुमका."

"तिथे कुणाला पाहिलंस?"

"कोण नाय. तुमची माणसा आदीच बांधून गेलली."

आमची माणसं! मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने छताकडे. मी टेबलावर हात आपटला. म्हातारा जरासुद्धा हलला नाही. उलट माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "गेल्या खेपेकसुद्धा तुमीच इललात. काठये घेऊन उभे रवललात."

गेल्या खेपेला? म्हणजे असं आधीही घडलं होतं? आणखी कुणी पोर हरवलं होतं की काय त्या रानात? हवालदाराला जुनी रजिस्टरं काढायला बसवलं. तो धूळ झटकत पानं उलटतोय, मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतोय, म्हातारा तीच उत्तरं देतोय. दोघेही खरं बोलत होतो आणि एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नव्हतं. माझं डोकं अगदी भणाणून गेलं.

शेवटी ती गाठ सुटली ती पोलिसी अकलेने नाही. बाहेर बाकावर बसलेला आजीचा मुलगा शिपायाला ढकलून आत घुसला. म्हाताऱ्यासमोर मोबाईल धरला. त्यावर फोटो होता, दोन वेण्यांची पोर आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेली आजी.

"काका, पाया पडतो तुमच्या! माझी पोरगी आणि आई कुठे आहेत, सांगा!"

म्हाताऱ्याने फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. परत फोटो पाहिला.

"ह्या चेडू हरवला? आज? न्हयवर?" त्याचा आवाजच फाटला. "आदी कित्याक नाय सांगलात?"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी त्या डोंगरावर अशाच लाल रिबिनी झाडांना लागल्या होत्या. मोजणीवाले आले, त्यांच्या बंदोबस्ताला पोलीस आले, आणि पाठोपाठ खाण आली. याच्या कुळागराची वरची झर आटली, अर्धी बाग वाळली. पुढे खाण बंद पडली. आता ती पुन्हा सुरू होणार अशी बोलवा होती, आणि सकाळी उठून बघतो तर झाडांना लाल रिबिनी! उरलेली एकच झर नदीच्या वाटेवर. त्याने रिबिनी उपटल्या आणि काटेरी फांद्या ओढून वाट बुजवून टाकली. पुढची मंडळी तोवर निघून गेली होती. आजी आणि नात मागून आल्या तेव्हा समोर काटेरी कुंपणाची वई, आणि बाजूला मोकळा रस्ता. ती वई माझ्या माणसांनीही पाहिली होती. कुणाच्या तरी बागेची असेल म्हणून सोडून दिली होती.

"तो रस्तो खाणीच्या खड्ड्यार जाता," म्हातारा म्हणाला आणि आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसला.

खड्ड्याच्या अलीकडे काजूच्या झाडाखाली दोघी सापडल्या. नात रडून रडून थकली होती. आजी आडवी, अंगाला गार घाम, डोळे अर्धे मिटलेले. खाली, पन्नास पावलांवर, खड्ड्याचं हिरवं पाणी. म्हाताऱ्याने खाली पडलेले बोंडू, काजूची ती रसाळ फळं, उचलले, मुठीत पिळले आणि तो गोड रस थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत राहिला. "गीळ गो बाये, गीळ." तिने गिळलं. मुलगा आईचे पाय चोळत हमसून हमसून रडत होता. माझेही डोळे भरून आले, आणि ते घामाने नव्हे.

आजी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. मंडळाचे लोक म्हाताऱ्यावर तक्रार द्यायला आले होते. मुलाने त्यांना हात जोडले आणि परत पाठवलं.

आरोपीला कशासाठी आणलंय ते आधी सांगायचं नाही, ही आमची जुनी सवय. तो आपणहून काय बोलतो ते ऐकायचं. चोरांसाठी सवय चांगली आहे. त्या दिवशी मात्र वाट ज्याला ठाऊक होती तो माणूस माझ्या समोर उभा होता, आणि एक पोर हरवलंय एवढं साधं वाक्य मी त्याला बोललो नाही. त्यानंतर माझ्या ठाण्यात माणूस आला की त्याला का आणलंय हे पहिल्यांदा मीच सांगायचो. दोन-चार बदमाशांनी त्याचा फायदा घेतला. घेऊ दे.

अहवालात मी वेळा खऱ्या लिहिल्या. वरिष्ठांनी बोलावलं, त्या ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, "सव्वा वाजता माणूस ताब्यात, अडीचला शोधाला निघालात. मधला सव्वा तास काय करत होता?"

"प्रश्न विचारत होतो, सर," मी म्हणालो.