परीक्षेला बसलेले ठोकळे

भालकीजवळच्या आमच्या नव्या घराचा स्लॅब वाकला, तेव्हा त्याच्या मजबुतीचा अहवाल माझ्या खिशात होता.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही इंजिनिअर! टिकाऊ घरांवर माझं संशोधन चालू होतं. काँक्रीटमधलं थोडं सिमेंट कमी करून त्या जागी साखर कारखान्यातली उसाच्या चिपाडाची राख घालायची. (प्रयोगाला घर लागतं. आपलं सोडून दुसऱ्या कुणाचं मिळणार?)

"स्लॅबात राख?" माय म्हणाली. "राखेनं भांडी घासतेत रे!"

"माय, हे शास्त्र हाय."

"लेकरू शिकलंय," अप्पांनी वाद मिटवला. "ते म्हणंल तसं करा."

स्लॅबच्याच मालाचे ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरवायचे आणि बिदरच्या प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून बघायचे. ते टिकले तरच स्लॅबखालचे टेकू काढायचे. ठोकळ्यांचं काम मी अप्पांवर सोपवलं. मला स्लॅबचे फोटो घेऊन कलबुर्गीला प्राध्यापकांकडे धावायचं होतं ना!

ठोकळे इतके चिवट निघाले, की यंत्रावरचा माणूस मलाच विचारू लागला, "कौनसी राख डाले साब?" अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. टेकू निघाले, आम्ही राहायला आलो.

आधी एक बारीक चीर पडली. मग स्लॅबला पोट सुटलं. मग एका सकाळी मायच्या बाजेवर पाटाएवढा तुकडा कोसळला! माय चहा ठेवायला उठली होती, म्हणून ही आठवण विनोदी आहे.

"अप्पा, ठोकळे कशाचे केलाव?"

"चांगल्या सिमेटाचे. राखेला शिवू बी दिलं न्हाई."

"कामून?"

अप्पा माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघू लागले. "परीक्षेला बसणार व्हते की ते! तुझ्या परीक्षेच्या टायमाला घरातलं समदं तूप तुलाच वाढलं का न्हाई? तुझी अक्का कोरडी भाकर खायची. पर तू पहिला आलास!"



टेकू पुन्हा लागले. माय-अप्पा आता चिटगुप्प्याला अक्काच्या सासरी, तिच्या मागच्या खोलीत राहतात. जाण्याआधी अप्पांनी उरलेला एक ठोकळा पुसून माझ्या पदवीदानाच्या फोटोखाली नीट मांडला. ठोकळा आणि मी, दोघंही पहिल्या नंबरानं पास! घराचा भार तेवढा टेकूंवर आहे, आणि माय-अप्पांचा अक्कावर.