चवीचा मान

आमच्या शाळेत दुपारची खिचडी पोरांच्या आधी दोघांनी खायची असते. एक शिक्षक आणि एक पालक. पोरांच्या पोटात वाईट काही जाऊ नये म्हणून. आमच्या पोटात गेलं तर वरच्या साहेबांची हरकत नसावी. शिक्षकांतर्फे ही कामगिरी माझ्याकडे होती. पालकांतर्फे रोज एक आई यायची, आळीपाळीनं. चमचाभर खायची, "छान झालीय" म्हणायची आणि पदर सावरत घरी जायची. खिचडी कच्ची असो नाहीतर करपलेली, ती छानच असायची. ज्वारीच्या मुलखात सरकार तांदूळ पाठवतं, त्यात आणखी नावं काय ठेवायची, असाही त्यात एक समजूतदारपणा होता.

हा मान गावातल्या प्रत्येक गल्लीला मिळाला होता. ओढ्यापलीकडच्या पारधी वस्तीला तेवढा मिळाला नव्हता. तिथली पोरं शाळेत यायची, आमच्याच पंगतीत बसायची, पण पंगतीच्या टोकाला. कुणी बसवत नव्हतं हो, आपोआपच बसायची. आमचं गाव फार पुढारलेलं आहे.

त्यातली चौथीतली एक पोरगी एकदा माझ्या टेबलाला चिकटून उभी राहिली. "बाई, सगळ्यांच्या आया येत्यात. माझ्या मायला बी बोलवा की. ती येती म्हनली." वर्गातल्या पोरींनी तिला ऐकवलं होतं, की तुझ्या आईला कुणी बोलवणारच नाही. ते खोटं पाडायचं, एवढंच तिला हवं होतं.

मी मुख्याध्यापकांना विचारलं. सर भारी कनवाळू. म्हणाले, "त्यांना कशाला त्रास देता? कामाधंद्याची माणसं ती." बाकीच्या बायका जशा काही दिवसभर झोपाळ्यावरच बसलेल्या असतात! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "त्रास मी देते सर, तुम्ही फक्त बघा." आणि पोरीसोबत निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी आई आली. धुतलेलं पातळ, डोक्यावर पदर आणि हातात घरची ताटली. शाळेत ताटल्यांचा ढीग होता, पण तिला गाव माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. खिचडी करणाऱ्या मावशींनी डाव इतका उंच धरला, की निम्मी शितं खाली सांडली. पोरगी वर्गाच्या दारातून बघत होती, तोंडावर नुसता आनंद. आईनं घास घेतला, सावकाश चावला. इथं चव फक्त घ्यायची असते, सांगायची नसते, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं.

"मावशी, मीठ न्हाय पडलं," ती म्हणाली. "बाकी लई झ्याक."

मी खाऊन बघितली. खरंच मीठ नव्हतं. विसरल्या होत्या मावशी. वरून मीठ टाकलं असतं की काम झालं असतं. पण मावशींनी डाव आपटला. "इतकी वर्सं करतीय, आजवर कुनी नाव ठिवलं न्हाय. आता हिच्या सांगन्यावरनं मीठ घालू व्हय?" शेजारच्या ईट गावच्या बाजारात गरम भजी खाताना ती कुणी तळली हे न विचारणारं आमचं गाव, पण मिठाचा मुद्दा वेगळा. मी सरांकडे पाहिलं. सर आभाळाकडे बघत होते. "थोडं अळणी बरं असतं," म्हणाले, "बीपी वाढत नाही." पहिलीतल्या पोरांच्या बीपीची इतकी काळजी मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

मी मीठ आणायला गेले, तर मावशींनी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं. मग काय, अख्ख्या शाळेनं अळणी खिचडी गिळली. गावाची इज्जत राहिली. शेवटी दुसरीतला एकजण कावून ओरडला, "बाई, ह्यात मीठच न्हाय!" तशी ती पोरगी पंगतीतून ताडकन उठली. "माझ्या मायनं आदीच सांगितलं हुतं!" आई फाटकापाशी उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. मला इतकं बरं वाटलं, की मी ती खिचडी पुन्हा वाढून घेतली.

थोड्या दिवसांनी सरांनी सभा घेऊन जाहीर केलं, की यापुढे चव शिक्षकच घेतील, पालकांना उगाच हेलपाटा नको. सगळ्यांना पटलं. एका बाईला दुसऱ्यांदा बोलवावं लागू नये म्हणून गावातल्या सगळ्या आयांनी आपला मान सोडला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. एकजूट असावी तर अशी.

पोरगी माझ्याकडे आली. "बाई, आता कुनाचीच आई येनार न्हाय?"

"नाही."

ती जरा घुटमळली. "माझी माय खरं बोलली म्हनून व्हय?"

खरं बोलावं, असं मीच त्यांना शिकवत आलेय. मला रागही आला आणि रडूही. थाप मारायला जीभ वळेना. म्हटलं, "व्हय गं."

"मंग मायला नका सांगू, बाई," ती म्हणाली. "ती रोज इचारती, परत कवा जायचं म्हनून."