तिसऱ्या दिवसाच्या झांजा

जबलपुरात राहून आधुनिक आयरिश कविता शिकवणारा माणूस म्हणजे तसा विनोदच. माझ्या वर्गात अकरा जण बसतात, त्यातले सात हजेरीपुरते. बाकीच्यांची सगळी श्रद्धा नेपियर टाउनच्या कोचिंगमधून आणलेल्या कुंजीवर, म्हणजे गाइडवर. कन्फेशन म्हणजे चर्चमध्ये पाद्र्यापुढे पाप सांगून मोकळं होणं; त्या कुंजीत त्याचा अर्थ 'जुर्म कबूल करना' असा दिला आहे.

हसायचा अधिकार मलाही नाही. त्या कवींच्या रक्तात जपमाळ, उपास, पाद्र्याची भीती आणि त्याच पाद्र्यावरचा राग, सगळं मुरलेलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकवलं महाराजपूर वस्तीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी. काका ख्रिश्चन. वडील आणि ते तोफांच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये होते. रविवारी ते चर्चमधून आले, की मी पुस्तक घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. एकदा एक कविता ऐकून ते म्हणाले, "तुझा हा कवी म्हणतो देव नाही, पण गुडघे टेकणं काही त्याच्याकडून सुटून नाही राहिलं." हे वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात स्वतःचं म्हणून खपवलं.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिसऱ्या दिवसाची आरती आमच्या घराची. वडिलांच्या वेळेपासून त्या दिवशी झांजा काका वाजवायचे. मंडळाच्या पितळी झांजा वर्षभर त्यांच्याचकडे असायच्या, जुन्या खाकी कापडात गुंडाळलेल्या. पाळ्यांची यादी मात्र मी लिहायचो. हल्लीच्या पोरांना मराठी समजतं, लिहायला सांगितलं की मधेच हिंदी सुरू होतं. मग दर वर्षी माझ्याच हाताने फलकावर लागायचं: तिसरा दिवस, आमचं आडनाव, खाली झांजांपुढे काकांचं नाव.

यंदा बैठकीत नवे अध्यक्ष बोलले. माझाच जुना विद्यार्थी. "सर, माहौल तर तुम्ही पाहूनच राहिले. झांजा यंदा आपल्यातलाच कोणी वाजवेल. काकांना कोणी काही म्हणून नाही राहिलं. दर्शनाला यावं, प्रसाद घ्यावा. फक्त यादीत नाव नको."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांचा मंडळातल्या घरांशी वर्षानुवर्षांचा घरोबा होता, आणि मी बोललो असतो तर दोन-चार जण तरी माझ्या बाजूने उभे राहिले असते, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. त्याच सकाळी मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, की शेजाऱ्यावर वेळ आली तेव्हा हे कवी घरात बसले आणि मग त्या लाजेच्या सुंदर कविता केल्या. कविता सुंदर झाली म्हणून माणसाला माफ करायचं का, असंही मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं.

बैठकीत मी विचारलं, "यादी कधीपर्यंत हवी?"

काकांना आधी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. त्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. यादी काकांच्या नावाशिवाय लागली. संध्याकाळी काका दर वर्षीसारखे वाचायला आले. मी तिथेच चहा पीत उभा होतो. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं वाचलं.

"अक्षर तुझंच आहे ना?"

"हो, काका."

"वळण बापाचं आहे," म्हणाले आणि गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. झांजा टेबलावर होत्या, चिंच लावून लख्ख घासलेल्या. यादी लागायच्या आधीच त्यांनी घासून ठेवल्या असणार. मी म्हणालो, "काका, मी बोलायला हवं होतं. मी भ्यालो."

"माझ्याकडे काहून आला? मी काही फादर नाही, बेटा." आवाज शांत होता. "तू सांगून मोकळा होशील. मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांच्या ओट्यावर माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. त्यांनी झांजा खाकी कापडात बांधून माझ्या हातात दिल्या. "घेऊन जा. पाणी लागू देऊ नको, डाग पडतात."

तिसऱ्या दिवशी आरतीला माणसं जमली. अध्यक्ष म्हणाले, "चलो सर, पाळी तुमच्याच घरची, तुम्हीच वाजवा." मंडपापासून काकांचं घर दोन घरं सोडून. त्यांची खिडकी उघडी होती. मी झांजा वाजवल्या. माझा ठेका दोनदा चुकला, पण आरती कोणी थांबवली नाही.