आतोबांना दिसणारा जॅझ

आवाज कानांनी ऐकायचा असतो, हे आमच्या आतोबांना अखेरपर्यंत कोणीही पटवून देऊ शकलं नाही. तसे ते पिंपरीच्या एका कारखान्यात पाट्या रंगवणारे सरळमार्गी पेंटर. 'धोका' आणि 'विडी ओढू नये' एवढीच त्यांची साहित्यसेवा. पण खडकीच्या छावणीलगत नाचाचा एक हॉल होता, त्याची पाटी रंगवायला गेले आणि आतल्या गोवेकर मंडळींचा जॅझ कानावर पडला. झालं, गृहस्थ हातचा गेला. त्यांना ट्रम्पेट पिवळं दिसू लागलं आणि ड्रम जांभळा. दर शनिवारी चिंचवडहून सायकल मारत जायचं, हॉलच्या मागच्या पायरीवर बसायचं आणि खोक्याच्या फळ्यांवर तो आवाज रंगवायचा. त्यात ना देव, ना डोंगर, ना माणूस. आत्या कळवळून म्हणे, "अहो, येक कोपरा तरी कशाचा हाय त्ये कळू द्या." आतोबा शांतपणे विचारत, "अगं, गाणं कशाचं असतं?"

आपल्या माणसांनी ही चित्रं त्याच आवाजात बसून एकदा पाहावीत, एवढीच त्यांची आयुष्यातली इच्छा. पुष्कळ आर्जवं केल्यावर मॅनेजरने एका शनिवारी फळ्या हॉलमध्ये लावू दिल्या. आतोबांनी वाकडची सगळी भावकी बोलावली. मंडळींनी चपला बाहेर काढल्या आणि कीर्तनाला बसावं तशी ती नाचाच्या गुळगुळीत जमिनीवर मांडी घालून बसली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. नाचायला आलेली साहेबलोकांची जोडपी भिंतीला चिकटून उभी राहिली, नेमकी चित्रांच्या पुढे. मॅनेजर तणतणत होता, पण ट्रम्पेटवाल्या म्हाताऱ्याने त्याला हातानेच गप्प केलं आणि बसलेल्यांसाठी जीव ओतून वाजवलं. संपल्यावर आतोबांच्या चुलत्यांनी हात जोडले. "वाजाप झ्याक झालं," ते म्हणाले. "आता बुवा कवा हुबं ऱ्हानार?" चित्रांकडे कोणाची मान वळलीच नव्हती. आतोबांनी एकेक फळी उतरवली. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून जेवण जात नाही.

पुढे हॉल बंद पडला, बँड मुंबईला गेला. आतोबा शनिवारी ब्रश धुवत, वाळवत आणि पुन्हा ठेवून देत. बोलणंही कमी झालं.

अशाच एका दुपारी माझ्यासमोरच आत्याने परात उपडी घातली आणि लाटण्याने बडवायला सुरुवात केली.

"बसा फळी घिऊन," ती म्हणाली. "मला त्येंच्यावानी वाजवाया येत न्हाई. दिसतंय का काही?"

आतोबांनी फळी मांडीवर घेतली आणि परातीकडे पाहिलं.

"दिसतंय की," ते म्हणाले. "हिरवं."

आणि त्यांनी फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवीगार रंगवून काढली. त्यांना काहीही दिसलं नव्हतं, हे मला तिथेच कळलं. आत्यालाही कळलं असावं. हात दुखेपर्यंत ती वाजवत मात्र राहिली.